आमची वाटचाल : बिडाच्या टपालपेट्यांचे ओतकाम

जुन्या बिडाच्या टपालपेट्या दुरुस्त करणे आणि त्यांचे मोडलेले, हरवलेले भाग नव्याने ओतून देणे, एवढ्या एकाच कामावर आमची ओतशाळा उभी आहे. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये तिकिटे निघाली आणि हशील आधीच भरण्याची रीत रुळली, म्हणून पत्र कारकुनाच्या हाती न देता पेटीत टाकणे शक्य झाले. त्याआधी बहुधा पत्र घेणाराच पैसे मोजत असे. टपाल खात्यात नोकरीस असलेले कादंबरीकार अँथनी ट्रोलोप यांच्या सूचनेवरून १८५२ मध्ये जर्सी बेटावर बिडाच्या पेट्या बसल्या. आमचा जीव मात्र जडला तो जॉन पेनफोल्ड यांच्या १८६६ च्या षट्कोनी पेटीवर.

तिच्या घुमटावरची पाने रंगाच्या थरांनी बुजलेली असतात. ते थर हळूहळू काढले की लालाखाली हिरवा लागतो, कारण लाल रंग १८७४ पासून आला. जुन्या रंगात शिसे असते, तेव्हा घरी कोणी तो कोरडा घासू नये.

बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. आमचे पहिले भागीदार, ज्यांवरून साचा घेतात ते लाकडी नमुने कोरणारे सुतार होते आणि ही घट आधीच धरून आखलेल्या पट्टीवरच ते लाकूड मापत. आमच्याकडेच शिकलेल्या एका कारागिराने वेगळी ओतशाळा काढली आणि जुन्या भागांवरून थेट साचे घेऊन निम्म्या दरात माल विकला. नमुन्याचा खर्चच नसल्यावर दर उतरणारच! आमची गिऱ्हाइके गेली, भट्टी बंद पडली, पगार थकले, आणि वर आम्हीच महागडे ठरलो. हे शल्य अजून गेलेले नाही.

एका जुन्या संग्राहकांनी तेवढी साथ सोडली नाही. त्या कारागिराच्या ओतशाळेतून आलेले दार त्यांनी आमच्यासमोर चौकटीत धरले, तेव्हा साठ सेंटिमीटर उंचीत सहा मिलिमीटरांची फट राहिली आणि कुलपाची जीभ खाचेपर्यंत पोहोचेना. त्यांनी ते दार परत पाठवून आम्हाला आगाऊ रक्कम दिली, त्यातूनच भट्टी पुन्हा पेटली. पुढची वर्षे सुरळीत गेली.

ज्यांना असा भाग ओतून घ्यायचा असेल त्यांनी आधी लाकडी नमुना मागून पाहावा आणि तो मूळ भागापेक्षा मोठा आहे, हे स्वतः मोजल्याखेरीज पैसे देऊ नयेत.