बोट आत का गेलं?

गुरुवार

आज भोसरीत सुट्टी. एमआयडीसीचा आठवडी वार असल्याने गाळ्यांची शटरं खाली असतात, आणि प्रेस शॉपमधलं, म्हणजे पत्रा दाबून-कापून सुटे भाग काढणाऱ्या गाळ्यातलं, सगळ्यात मोलाचं काम करायला हाच दिवस मिळतो. ते काम म्हणजे क्लच उघडून बघणं.

कुणाचं बोट गेलं की गाळ्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'त्याचं लक्ष नव्हतं.' हे वाक्य मला सहन होत नाही. लक्ष पूर्ण होतं, जॉबवर, म्हणजे हातातल्या पत्र्याच्या तुकड्यावर होतं. जॉब डायमध्ये (खालच्या साच्यात) तिरका बसला म्हणून तो सरळ करायला बोट आत गेलं. आत का जावं लागलं, हे विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा मशीनमध्ये आणि डायमध्ये सापडतं. पण ते विचारायला कुणाला वेळ नसतो.

भोसरीपासून चाकणपर्यंत गाड्यांचे ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर निघतात ते छोट्या मेकॅनिकल प्रेसवर, आणि त्यातल्या जुन्या प्रेस 'की क्लच'च्या, म्हणजे चावीच्या क्लचच्या. पेडल दाबलं की चावी फिरते, फ्लायव्हील (फिरतं जड चाक) क्रँकला (रॅम वरखाली करणाऱ्या दांड्याला) धरतं आणि क्रँक एक पूर्ण फेरा घेतो. मध्ये तो कुठेच थांबत नाही. मिनिटाला ६० स्ट्रोक असतील तर फेरा एका सेकंदाचा, म्हणजे रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) वरून खाली यायला अर्धा सेकंद. १२० असतील तर पाव सेकंद. धोका दिसल्यावर माणसाचा हात हलायला लागेपर्यंतच जवळपास तेवढा वेळ जातो. म्हणून 'नजर ठेव' ही सूचना अशा प्रेसवर पोकळ आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे प्रेस डबल मारते तेव्हा. चावीचा स्प्रिंग तुटला, चावीची धरणारी कड झिजून गोल झाली किंवा ब्रेकच्या लायनरवर (घासणाऱ्या अस्तरावर) तेल उतरलं, की रॅम वरच्या टोकाला न थांबता पुन्हा खाली येतो. ऑपरेटरने पाय केव्हाच उचललेला असतो, आणि जॉब काढायला हात आत. यात त्याची तिळमात्र चूक नसते.

म्हणून गुरुवारी तपासायचं ते एवढं. लायनर कोरडं आहे का. क्रँक दर वेळी बरोबर वरच्या टोकालाच थांबतो का. पुढे सरकून थांबत असेल तर ब्रेक सैल आहे. चावीची कड बोटाला धारदार लागते का. स्प्रिंग दाबाचा आहे की ओढीचा. ओढीचा स्प्रिंग तुटला की काम संपलं; गाइडमध्ये बसवलेला दाबाचा स्प्रिंग तुटला तरी तुकडे एकमेकांवर टेकून थोडंफार काम करत राहतात. फरक काही रुपयांचा असतो.

आणखी एक गोष्ट नव्या मुलांना कुणी नीट सांगत नाही. मोटर बंद केली म्हणजे प्रेस बंद झाली असं होत नाही. फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि त्या वेळात पेडलवर पाय पडला तर एक पूर्ण घाव बसतो. डाय सेट करताना मोटर बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, रॅमखाली ठोकळा, हा क्रम आहे. ठोकळा लाकडाच्या ढलपीचा चालत नाही, रॅमचं वजन पेलणारा हवा. नंतर ठोकळा काढून, मोटर बंदच ठेवून, फ्लायव्हील दांड्याने हातानं फिरवून पंच (रॅमला लावलेला वरचा साचा) डायमध्ये उतरतोय का ते बघायचं. दांडा काढल्याशिवाय मोटर सुरू करायची नाही. पेडलवर वरून आणि बाजूने झाकण हवं. त्यावर पाना पडला तरी प्रेस तेच करते जे पाय पडल्यावर करते.

शुक्रवार

बोट आत का जातं, याची यादी मोठी नाही. ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) पंचाला चिकटून वर जातो. जॉब डायमधून निघत नाही. लोकेटर पिना झिजल्यामुळे पत्रा हलतो. स्क्रॅप अडकतो.

यातलं बरंचसं डायच्या देखभालीचं दुखणं आहे. साध्या पोलादी पत्र्याला पंच आणि डाय यांच्यातली फट दर बाजूला जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के ठेवतात, म्हणजे १ मिमी पत्र्याला ०.०५ ते ०.१ मिमी. धारा बोथट झाल्या की बर (कापलेल्या कडेवरचा खरबरीत काठ) वाढते. बर वाढली की जॉब डायच्या भिंतीला धरतो आणि हाताने ओढावा लागतो. स्ट्रिपरचे स्प्रिंग दमले की पत्रा पंचावरून उतरत नाही. पत्र्याला तेल जास्त लागलं तर सपाट ब्लँक पंचाच्या तोंडाला चिकटतो. पंचात छोटी स्प्रिंगवाली पिन बसवली की ती चिकट सुटते. डाय वेळेवर ग्राइंडिंगला पाठवणं हे बोटं वाचवण्याचंच काम आहे. मालक मात्र ते उत्पादनाच्या खर्चात मोजतात.

शक्य असेल तिथे पुढे जाळीचा पक्का गार्ड आणि पत्र्यापुरती फट. फट ६ मिमीपेक्षा कमी असेल तर बोट डायपर्यंत पोहोचत नाही. सुट्टे ब्लँक एकेक करून ठेवायचे असतील तर लोहचुंबकाची दांडी किंवा चिमटा. चिमटा अॅल्युमिनियमचा घ्यावा. तो चुकून मध्ये आला तर चिमटा चेपतो आणि डाय वाचते, त्यामुळे मालकही आडवा येत नाही. हातमोजे पत्र्याच्या धारेपासून वाचवतात, रॅमपासून नाही.

शनिवार, रात्री उशिरा

लाइट कर्टनबद्दल, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणाऱ्या किरणांच्या पडद्याबद्दल, लिहायचं राहून गेलं होतं. की क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन लावणं म्हणजे पैसे देऊन खोटा धीर विकत घेणं. किरण तुटला तरी क्रँक फेरा पूर्ण करणारच. कर्टनचा उपयोग मध्येच थांबू शकणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर. तिथेही अंतराचं गणित आहे. किरण तुटल्यापासून रॅम थांबेपर्यंतचा वेळ सेकंदात मोजायचा आणि त्याला २००० ने गुणायचं. ०.२ सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून ४०० मिमी लांब हवा, तोही बोट ओळखणारा, म्हणजे १४ मिमी जाडीची वस्तूही पकडणारा. ब्रेक झिजला की वेळ वाढतो आणि कालचं अंतर आज अपुरं पडतं.

दोन हातांची बटणं चांगली, पण एक बटण फडक्याने बांधून ठेवलेलं कितीतरी ठिकाणी दिसतं. नगावर पैसे असतील तर माणूस बांधणारच. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच चालेल आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतील, असं सर्किट हवं. हेल्पर समोर उभा असेल तर त्यालाही स्वतःची बटणं हवीत.

घरच्या टेबलावरच्या हाताच्या प्रेसवरही हेच घडतं. अमेरिकेत शौकीन नेमबाज घरी काडतुसं पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे खडकीचं नाव घेतलं की दारूगोळ्याचा कारखानाच आठवतो. पण बोटाची दुखापत ओळखीची आहे. उजवा हात लिव्हर खाली ओढतो, रॅम वर जातो, आणि डाव्या हाताची दोन बोटं गोळी केसच्या (काडतुसाच्या नळीच्या) तोंडावर सरळ धरून असतात. डायची कड आणि गोळी यांच्या मध्ये बोटाचं टोक चेमटतं. लिव्हरच्या जोडणीमुळे स्ट्रोकच्या शेवटी जोर कितीतरी पट वाढतो, त्यामुळे ओढणाऱ्या हाताला बोट सापडल्याचं जाणवतही नाही. उपाय पुन्हा कामाच्याच तयारीत आहे. केसचं तोंड आधी किंचित फुलवून घेतलं की गोळी आपोआप उभी राहते, धरावी लागत नाही. धरलीच तर खालून, केसला, आणि गोळीचं टोक डायमध्ये शिरताच हात बाजूला. आपल्याकडे बेअरिंग आणि बुश बसवायच्या आर्बर प्रेसवर हेच चालतं. बुशला सुरुवातीची चॅम्फर (तिरकी कड) दिलेली असेल तर तो बोटाने धरायची गरज राहत नाही.

रविवार

बोट चेमटलं तर सगळ्यात आधी अंगठी काढायची. सूज आली की ती निघत नाही. थंड पाणी, हात छातीच्या वर. नखाखाली रक्त साकळून ठणका लागला तर डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून ते काढतात आणि लगेच आराम पडतो. तापवलेल्या सुईने घरी हे करू नये, कारण खाली हाड मोडलेलं असू शकतं आणि एक्स-रे लागतो. जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन.

बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेला भाग सलाईनमध्ये ओल्या केलेल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फावर ठेवलं तर ऊतक गोठून मरतं, नुसत्या पाण्यात बुडवलं तर फुगतं. बोटात स्नायू नसल्याने ते हातापेक्षा जास्त वेळ तग धरतं. नीट थंड ठेवलेलं बोट साधारण २४ तासांपर्यंत, नाहीतर १२ पर्यंत. म्हणून जवळच्या दवाखान्यात टाके घालून मोकळं व्हायची घाई नको. १०८ ला फोन करून, जोडण्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयातच न्यावं. तुटलेला तुकडा डायमध्ये राहिला असेल तर एकाने मोटर बंद करून, फ्लायव्हील थांबल्यावर तो काढायचा. घाईत दुसऱ्याचा हात जातो तो इथेच.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट धरली होती, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, अंगठा ३०. डाय फिटरची तर्जनी म्हणजे त्याचं मोजमापच. ०.०५ मिमीची फट तो फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती त्या बोटाने सरकवून ओळखतो. ती १४ टक्क्यांत बसत नाही. तरीही आकडे माहीत असावेत आणि अपघात झाल्या दिवशीच अपघात नोंदवहीत लिहून घ्यावा. कोणत्या प्रेसवर, कोणती डाय, क्लच शेवटचा कधी उघडला होता, हेही त्यात यावं.