नक्षी सेव्ह का होत नव्हती

सोलापुरात चादरींच्या जेकार्ड (मागावर विणल्या जाणाऱ्या) नक्ष्या संगणकावर तयार करणाऱ्या माझ्या मेहुण्यांना ‘डॉक्युमेंट्स’मध्ये फाइल सेव्ह करताना ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येत असे. तो दिशाभूल करणारा होता, कारण अडथळा डिस्कचा नसून ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’चा होता. खंडणीखोर व्हायरसपासून (रॅन्समवेअर) बचावासाठी विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेली ही सोय चालू असल्यास अनोळखी प्रोग्रॅमला अशा फोल्डरांत लिहिता येत नाही. पुष्कळ जण वैतागून सगळे संरक्षणच बंद करतात, जे मला मुळीच पटत नाही. त्याऐवजी ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली, परवानगी दिलेल्या अ‍ॅप्सच्या यादीत त्या प्रोग्रॅमची तेवढीच ईएक्सई फाइल (प्रोग्रॅम चालवणारी मूळ फाइल) जोडावी; त्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. अडवलेल्या प्रोग्रॅमचे नाव मात्र ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त आधी पाहावे, कारण सेव्ह करणारा भाग कधीकधी वेगळ्याच नावाचा निघतो.