‘शंकास्पद’ हा शिक्का

आपल्याकडे झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला स्पॉट (ओळखायला ठेवलेला नमुना) रिकामा सोडला की मार्क गेले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, व्हिलफ्रांशच्या सागरी प्रयोगशाळेत घडलेल्या ‘इकोटॅक्सा’ प्रणालीत उलटं आहे. प्लवकाच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या, चित्राला यंत्र नाव सुचवतं. माणूस ते पक्कं करतो, बदलतो किंवा त्यावर ‘शंकास्पद’ असा शिक्का मारतो. या शिक्क्यात कमीपणा नाही. उलट, अंदाजाने पक्कं केलेलं नाव जास्त घातक, कारण पुढे यंत्र त्याच चित्रांवरून शिकतं आणि एक चूक शेकडो चित्रांवर उमटते. प्रजाती कळत नसेल तर वरच्या गटावर थांबायचं. ‘कोपेपॉड’ (कोळंबीच्या जातकुळीतला चिमुकला कवचधारी जीव) एवढंच लिहिलं तरी ते पूर्ण उत्तर असतं.

ही चित्रं टिपणारा पाण्याखालचा कॅमेरा दोराने सेकंदाला साधारण 1 मीटर वेगाने खाली सोडतात. लाल प्रकाशाच्या पट्ट्यात दर वेळी सुमारे 1 लिटर पाणी टिपलं जातं. त्यातली बहुतेक चित्रं कचऱ्याचीच, म्हणजे सागरी हिमाची (खाली बुडत जाणाऱ्या सेंद्रिय कणांची). अनोखा जीव शोधायचा तर यंत्राच्या खात्रीच्या आकड्यानुसार चित्रं लावा आणि सर्वांत कमी आकड्यापासून बघायला लागा. आधी चित्राच्या कोपऱ्यातली मोजपट्टी, मग खोली, आकार शेवटी. मोजपट्टी न बघता आकाराकडे धावलं की हमखास फसगत होते.

काळसर गाभा, भोवती फिकट वलय, त्यातून बाहेर आलेल्या बारीक सरळ काड्या: हा फिओडेरिया, एकाच पेशीचा जीव. प्लवक पकडायच्या जाळीत तो चुरडून जातो, म्हणून कित्येक दशकं त्याची मोजणी तोकडीच राहिली. 2016 मध्ये अशाच चित्रांवरून दिसलं, की त्याच्या ऱ्हायझेरिया गटातल्या मोठ्या जीवांचा वाटा जगातल्या सागरी जीवांच्या कार्बनमध्ये सुमारे 5 टक्के आहे.

पण म्हणून जाळी जुनाट, हा सूर मान्य नाही. कोपेपॉडची प्रजाती ठरवायला बऱ्याचदा पाचव्या पायांची जोडी सुटी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. ते कुठलाही कॅमेरा दाखवत नाही. 1960च्या दशकात हिंदी महासागर मोहिमेतले जाळीचे नमुने कोचीत हातांनी वेगळे केले गेले. ती नजर आजही लागते. आणि स्पॉटखाली ‘कारणं द्या’ लिहायची आपली सवय इथे फार कामाला येते.

सर्वांत जास्त गल्लत होते ती कोपेपॉडची कात आणि जिवंत कोपेपॉड यांत. कात फिकट असते, आत काही भरलेलं नसतं, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) लोंबत असतात. डोलिओलिड आणि साल्प हे पारदर्शक, जेलीसारखे जीव दोन्ही पिंपासारखे, पण डोलिओलिडच्या स्नायूंची कडी पूर्ण फिरतात, साल्पची बहुधा अर्धवट राहतात. बाणासारखा सरळ कीटोग्नाथ हा किडा आणि विष्ठेचा धागा यांत शेपटीचा पंख शोधा. तो दिसला नाही, तर शंकास्पद.