निर्गुंडीचा अर्क आणि भिंतीवरची बुरशी : माझा अनुभव

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या शुक्रवार पेठेतील घरात शिरले आणि पूर ओसरल्यावरही तळमजल्याच्या भिंतींतील ओल गेली नाही. दर पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटामागे काळे ठिपके उमटत आणि आजी सुकलेल्या निर्गुंडीच्या पाल्याची धुरी देत असे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय निवडण्याची वेळ आली, तेव्हा त्या धुरीमागे खरोखर काही आहे का, हे तपासावेसे वाटले.

बटाटा-डेक्स्ट्रोज अगारच्या, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाच्या, पेट्री डिश खोलीत पंधरा मिनिटे उघड्या ठेवल्या. जिवाणू वाढू नयेत म्हणून त्यात क्लोरॅम्फेनिकॉल घातले होते. पाच दिवसांत पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम आणि ॲस्परजिलस नायजर अशा वसाहती दिसल्या. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंगद्रव्यात नायजरची स्लाइड लावली, तेव्हा लांब दांड्यावरचे गोल डोके आणि त्याभोवती दाटलेले काळे बीजाणू पाहून मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. पुढच्या चाचण्यांसाठी हीच बुरशी घेतली.

निर्गुंडी आणि अडुळसा पन्हाळ्याच्या वाटेवरून आणले, लवंग लक्ष्मीपुरीतून. पाने सावलीत वाळवून, भरड करून सॉक्सलेट उपकरणात मिथेनॉलने अर्क काढला आणि मिथेनॉल उडवून उरलेला चिकट गाळ डीएमएसओ या द्रावकात विरघळवला. बुरशी पसरलेल्या अगारमध्ये छिद्रे पाडून त्यांत अर्क भरला. चौथ्या दिवशी निर्गुंडीभोवती बुरशी न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले आणि मी आनंदाने डिश घेऊन मार्गदर्शक मॅडमकडे धावले. त्यांनी एवढेच विचारले, “नुसत्या द्रावकाची डिश लावलीस का?”

ती लावली नव्हती. लावली, तेव्हा निव्वळ डीएमएसओभोवतीही जवळपास तसेच वर्तुळ आले. डीएमएसओचे प्रमाण जास्त असेल, तर तो स्वतःच बुरशीची वाढ रोखतो, हे वाचलेले असूनही मी लक्षात ठेवले नव्हते. तुलनेसाठी घेतलेले फ्लुकोनॅझोल हे बुरशीरोधक औषधही चुकीचेच होते, कारण ॲस्परजिलसला त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिरोध असतो. पुढे इट्राकोनॅझोल वापरले. दोन महिन्यांची मेहनत वहीत लाल रेघेखाली गेली, याचे त्या वेळी फार वाईट वाटले.

मग मॅडमच्या सल्ल्याने पद्धतच बदलली. अर्क अगारमध्येच मिसळायचा, डीएमएसओ एक टक्क्याच्या आत ठेवायचा, मधोमध बुरशीची पाच मिलिमीटरची चकती ठेवायची आणि वसाहत किती पसरते, ते मोजायचे. द्रावकाची डिश प्रत्येक वेळी सोबत. तंतुमय बुरशीच्या बाबतीत ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण छिद्राभोवतीच्या वर्तुळाची कडा धूसर असते आणि मोजणाऱ्याची इच्छा त्यात नकळत मिसळते. पाचव्या दिवशी द्रावकाच्या डिशमधील वसाहतीचा व्यास सरासरी ६२ मिलिमीटर भरला आणि निर्गुंडीच्या डिशमधील ४१, म्हणजे सुमारे ३४ टक्के रोध. अडुळशाचा परिणाम नगण्य होता. लवंगेच्या डिशमध्ये मात्र चकती जशीच्या तशी राहिली. लवंगेतील युजेनॉल बुरशीला रोखते, हे माहीत असले तरी समोर पाहण्याची गोष्ट वेगळी.

ती चकती उचलून मी स्वच्छ अगारवर ठेवली, कारण बुरशी मेली की नुसती थांबली, हे त्याशिवाय कळत नाही. चौथ्या दिवशी तिच्या कडेने पांढरे तंतू फुटले. त्या प्रमाणातील अर्काने वाढ फक्त रोखली होती. तेवढे मी प्रबंधात तसेच लिहिले, आणि धुरीबद्दल एकही ओळ लिहिली नाही, कारण तपासला होता तो मिथेनॉलमधील अर्क, धूर नव्हे. घरी आजीला तेच सांगितले आणि दिवाळीनंतर गवंड्याला बोलावून कपाटामागचे ओलसर प्लास्टर खरवडून घेतले.