सिनसिनाटी आणि सुट्ट्या पैशांची भानगड

सिनसिनाटीला लोक बेसबॉलसाठी नाहीतर ओहायो नदीवरचा रोबलिंगचा झुलता पूल बघायला जातात. मी गेलो ते १८६३च्या आसपास तिथल्या दुकानदारांनी पाडून घेतलेल्या तांब्याच्या टोकनांपायी.

यादवी युद्ध पेटल्यावर अमेरिकेत लोकांनी सोनं-चांदी दडवलीच, पण १८६२च्या उन्हाळ्यात साधा सेंटही बाजारातून गुल झाला. काही काळ टपालाची तिकिटंच पैसे म्हणून फिरली आणि हाताला चिकटू लागली. आपल्याकडे सुट्ट्यांऐवजी चॉकलेट मिळतं ना, तसाच हा मामला. व्यापाऱ्यांनी सरळ स्वतःच्या नावाची टोकनं काढली. आकार सेंटएवढाच, जेमतेम १९ मिलिमीटर. खर्च सेंटहून कमी, वर जाहिरात फुकट! असे व्यापारी सगळ्यांत जास्त ओहायो राज्यात होते आणि त्यातले कितीतरी सिनसिनाटीत.

एका जुन्या नाण्यांच्या दुकानात ट्रेभर टोकनं समोर आली. एकावर पिसांचा मुकुट घातलेलं डोकं, थेट सरकारी सेंटसारखं. उलटं केलं तर ‘नॉट वन सेंट’! त्यातलं ‘नॉट’ इतकं बारीक कोरलेलं की भिंग लावावं लागलं. नकली नाणं पाडल्याचा आळ नको, पण गिऱ्हाईकाने सेंट समजून घेतलं तर बरंच. बनेल लोक.

पुढे बघतो तर वेगवेगळ्या धंद्यांच्या टोकनांची मागची बाजू एकच. ही ठसेकाराची, म्हणजे नाणी पाडायचे ठसे कोरणाऱ्याची काटकसर: मागचे ठसे तयार ठेवायचे, दुकानदाराच्या नावाचा तेवढा नवा कोरायचा. जॉन स्टँटन हा असाच एक ठसेकार. त्याचं दुकान फिफ्थ स्ट्रीटवर होतं, म्हणून दुपारी तिकडे चक्कर मारली. आता तिथे उंच इमारती आणि गाड्यांची वर्दळ. जुनं काही शोधायला जाऊ नये.

न्यूयॉर्कच्या लिंडनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्याची तर कमालच. त्याची लाखो टोकनं शहरात फिरत होती. ट्राम कंपनीकडे भाड्यात ती साठली, बदलून मागितली, तर म्हणे पठ्ठ्याने साफ नकार दिला. १८६४ साली सरकारने हलका ब्राँझचा सेंट काढला, खासगी नाण्यांवर बंदी आणली आणि हा खेळ संपला.

दुकानदार मला चांदीतलं चकचकीत टोकन दाखवत होता. पण तसली त्या काळीही हौशी संग्राहकांसाठीच पाडली जात. गल्ल्यात कधी पडलीच नसणार. मी नाव अर्धवट पुसलेलं एका किराणावाल्याचं तांब्याचं घेतलं. स्वस्तही पडलं.