काका, सोपं करून सांगतो

बिअर चांगली होती, जागाही चांगली होती. सूनबाईंनी हौसेने सगळं मागवलं. तरी काल बाणेरहून परत आल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

2009 मध्ये डुलालीने पुण्यात मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणारा बार, काढली तेव्हा आमच्या शिफ्टमध्ये त्याची केवढी चर्चा झाली होती. शहरात फर्मेंटर, म्हणजे आंबवायची टाकी, येतोय, तोही लोकांना बघता येईल असा! मी मात्र गेलो नव्हतो. आता घराजवळच झाली एक, म्हणून काल जाणं झालं.

बारच्या मागे मोठी काच आणि पलीकडे स्टीलच्या टाक्या. शंकूसारखा तळ, थंड ठेवायला बाहेरून ग्लायकॉलचं जॅकेट, कमरेच्या उंचीवर सॅम्पल व्हॉल्व्ह, काट्यावर 19 अंश. खुर्चीत टेकायच्या आधीच माझं सगळं बघून झालं होतं. तेवढ्यात एप्रन घातलेला एक मुलगा आला. गोड बोलणारा, तिशीच्या आतला. म्हणाला, "काका, सोपं करून सांगतो हं."

आणि सांगितलंन. बार्लीला मोड आणायचे, वाळवायची, भरडायची. (नाचणीचं सत्त्व करतात तसंच. लेकासाठी ही करायची.) मग 65 अंशांच्या आसपास पाण्यात तासभर ठेवली की स्टार्चची साखर होते. गाळायचं, हॉप्स (कडवट चवीची फुलं) घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. "यीस्ट म्हणजे एक प्रकारचा सूक्ष्म जीव असतो, काका."

मला सांगत होता. पण त्या पोराला काय बोलणार? त्याला कुठून ठाऊक असणार? लागलं ते दुसरंच. आमचा लेक शेजारी बसून मान हलवत होता. "बाबा पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात होते", एवढं एक वाक्य. ते त्याच्या तोंडून आलं नाही.

का आलं नाही?

रात्रभर तेच. लाज वाटते म्हणावं तर तसा तो नाही. विसरला म्हणावं, तर बापाची नोकरी कोणी विसरतं का? उभी हयात गेली त्या टाक्यांपाशी. पेनिसिलिन बनवणाऱ्या आमच्या बुरशीला हवा लागायची, रात्रंदिवस आणि तीही निर्जंतुक. एक बॅच जवळजवळ आठवडाभर चालायची. त्यात एखादा परका जंतू शिरला आणि पेनिसिलिनच फस्त करू लागला की संपलं. 'बॅच गेली' असं कोणी म्हटलं की अख्ख्या पाळीत शुकशुकाट. बुरशीला खायला घालायच्या कॉर्न स्टीप लिकरचा, म्हणजे मका भिजवलेल्या पाण्याच्या अर्काचा, वास शर्टातून जायचा नाही, म्हणून ही माझे कपडे वेगळे भिजवायची. असो.

समोर भिंतीवर 1516 चा बव्हेरियाचा नियम रंगवलाय: पाणी, बार्ली, हॉप्स. त्यात यीस्टचं नाव नाही. सगळं काम त्याचं, पण त्या काळी ते कोणाला माहीतच नव्हतं. मी बराच वेळ ती भिंतच वाचत बसलो.

मग उठलो आणि काचेपाशी गेलो. टाकीच्या माथ्यावरून एक नळी खाली येऊन पाण्याच्या बादलीत बुडवलेली होती. तिच्यातून बुडबुडे येत होते, सावकाश, एकेक, मध्ये थांबून. बिअर बनवणारा ब्रुअर दारात उभा होता. त्याला म्हटलं, जोर ओसरलाय, साखर संपत आली वाटतं. तो बघतच राहिला. "लाइनमधले का तुम्ही?"

हो म्हटलं. आत नेलंन. व्हॉल्व्हवर स्पिरिट मारून छोट्या ग्लासात सॅम्पल काढून दिलं. गढूळ, पिवळसर, अजून गॅस न भरलेलं, आणि त्याला पिकल्या केळ्याचा स्वच्छ वास. केळं कुठेच नाही, गव्हाच्या बिअरचं ते यीस्टच तो वास तयार करतं. मग काय, आम्ही बोलतच राहिलो. कॉस्टिकचं वॉशिंग, गॅस्केटखाली राहणारी घाण, गाळलेला चोथा गोठ्यावर जातो ते. बिअरला हॉप्स, आम्लता, अल्कोहोल सगळेच सांभाळून घेतात, आमच्या बॅचला असं कोणी नव्हतं, हे त्याला सांगितलं. वळून पाहिलं तर लेक मागे उभा. कधी आला कोण जाणे.

गाडीत म्हणाला, "बाबा, बॅच गेली की मग तुम्ही काय करायचात?"

"मारायची स्टीम, सगळं ड्रेनला, आणि पुन्हा पहिल्यापासून," मी म्हटलं. पुढे बोललो नाही, तेव्हा अजून धुसफुसत होतो.

आज दुपारी पडल्यापडल्या वाटलं, त्याने मला पाहिलंय ते रात्रपाळी करून दिवसा झोपलेलं. "बाबा झोपलेत, आवाज नको" एवढीच त्याला माझी नोकरी ठाऊक. गेटच्या आत तो कधी आलाच नाही, पोरांना नेता यायचंच नाही. जे पाहिलंच नाही ते चारचौघांत काय सांगणार? आणि कालचा प्रश्न त्याने कोणी न सांगता विचारला. तो किती वर्षांनी आला याचा हिशेब मला आता करायचा नाही.

ब्रुअर म्हणाला होता, मंगळवारी सकाळी नवी बॅच लावतोय, या. लेकाला फोन केला. सुट्टी टाकतो म्हणाला. त्याला बंद बूट घालायला सांगायचंय, ओल्या फरशीवर चपला चालत नाहीत.