ट्रॅव्हलिंगची शिट्टी नेमकी कशावर?

आज मुलांच्या बास्केटबॉल सामन्यांत ट्रॅव्हलिंगच्या (चेंडू हातात धरून नियमाबाहेर पाय हलवण्याच्या) शिट्ट्या वाजत होत्या, त्या बहुतेक एकाच चुकीवर: उभ्या जागेवरून निघताना पाय आधी, चेंडू नंतर. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) सुरू करताना पिव्हटचा, म्हणजे जागेवर रोवलेला, पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटायलाच हवा. डावा पाय पिव्हट असेल तर उजवं पाऊल टाकतानाच चेंडू त्याच्यापुढे जमिनीवर ढकलायचा. हे रोज घोटून घ्या, अर्ध्या शिट्ट्या थांबतील. पास किंवा शॉटसाठी मात्र पिव्हट उचलता येतो. फक्त चेंडू सुटेपर्यंत परत टेकवायचा नाही.

लेअपला (धावत जाऊन बास्केटजवळून मारलेल्या शॉटला) प्रेक्षक ‘तीन पावलं!’ म्हणून ओरडतात. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) २०१७च्या नियमबदलानंतर, धावताना चेंडू ताब्यात येतो त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजत नाहीत. त्यानंतरची दोन पावलं मोजायची. त्यामुळे पंच गप्प राहतात ते बरोबरच असतं. पण धावत पास घेऊन ड्रिबल करायचं असेल, तर दुसरं पाऊल पडण्याआधी चेंडू सोडा.

दोन्ही हात एकदम लागले किंवा चेंडू हातात विसावला की ड्रिबल संपलं. तळवा चेंडूखाली गेला की हेच होतं. त्यानंतर चेंडू पुन्हा आपटत नेला तर तो डबल ड्रिबल, म्हणजे नियमभंग.